‘द न्यू सायन्स ऑफ स्ट्राँग मटेरियल्स’ : सामग्रीविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मराठीत ‘पदार्थविज्ञान’ ही संज्ञा भौतिकशास्त्रासाठी रूढ असल्याने ‘मटेरियल्स सायन्स’साठी येथे ‘सामग्रीविज्ञान’ ही संज्ञा योजली आहे. या विषयाच्या एम.टेक. वर्गात यंत्र व धातुशास्त्र अभियांत्रिकीच्या पदवीधरांबरोबर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे एम.एस्सी. झालेले विद्यार्थीही असतात. ‘गेट’ परीक्षेच्या तयारीत प्रत्येकाने आपापल्या शाखेची सूत्रे आत्मसात केलेली असतात. परंतु या सर्वांना एकत्र आणणारा मूलभूत प्रश्न कोणता, हे अभ्यासक्रमपत्रिकेतून क्वचितच स्पष्ट होते. जे. ई. गॉर्डन (१९१३–१९९८) यांच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने केला आहे.

ग्रंथाची मांडणी :
स्थितिस्थापकता व बलाचा सिद्धांत, अधातू परंपरा आणि धातू परंपरा असे ग्रंथाचे तीन भाग आहेत. लाकूड, सरस व प्लायवूड यांचा विचार लोखंड-पोलादाच्या आधी येतो, ही गोष्ट केवळ क्रमाची नाही. ज्या विषयाचा उगम बव्हंशी धातुशास्त्र विभागांतून झाला, त्यात लाकडालाही समान प्रतिष्ठा देणे ही गॉर्डन यांची भूमिका आहे. दुसऱ्या महायुद्धकाळात फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत त्यांनी केलेल्या कामाची पार्श्वभूमी तिला आहे.

मध्यवर्ती प्रश्न :
रासायनिक बंधांच्या हिशेबाने काच जितकी बळकट असावयास हवी, त्याच्या तुलनेत ती फारच कमी बलाने का फुटते? इंग्लिस यांनी १९१३ मध्ये तड्याच्या टोकाशी प्रतिबल अनेक पटींनी वाढते, हे गणिताने दाखविले. मग तडे असलेली प्रत्येक वस्तू मोडत का नाही? याचे उत्तर ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये ऊर्जेच्या जमाखर्चातून दिले. तडा वाढताना साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा मोकळी होते, तर नवे पृष्ठभाग निर्माण करण्यात ऊर्जा खर्च होते. तडा लहान असेपर्यंत खर्च अधिक असतो. विशिष्ट लांबी ओलांडताच जमेची बाजू वरचढ ठरते व तडा आपोआप धावू लागतो. गॉर्डन हा युक्तिवाद जवळजवळ समीकरणांशिवाय मांडतात. त्यामुळे बल आणि चिवटपणा हे दोन भिन्न गुणधर्म आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्याला केवळ पाठ न राहता पटते. लाकडाच्या तंतूंमधील दुबळा सांधा धावता तडा अडवितो, हे वरकरणी विपरीत वाटणारे सत्यही याच विचारातून उलगडते. कुक व गॉर्डन यांनी १९६४ मध्ये त्याची सैद्धांतिक मांडणी केली होती.

मर्यादा :
ग्रंथाचे नाव सर्वसमावेशक वाटले तरी त्याचा विषय यांत्रिक बलापुरताच आहे. अर्धवाहक, चुंबकीय सामग्री, विसरण व प्रावस्था-आकृत्या यांच्या सखोल अभ्यासासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्याला अन्य पाठ्यपुस्तकांकडे वळावेच लागते. गणित टाळण्याचीही किंमत आहे : वाचकाला कारण कळते, पण आकडेमोडीची सवय लागत नाही. मात्र तंतुयुक्त संमिश्रांवर गॉर्डन यांनी ठेवलेला विश्वास काळाने खरा ठरविला. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे ५० टक्के संमिश्रे आहेत.

निष्कर्ष :
एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी तयार केलेला नमुना अपेक्षेपूर्वीच तुटतो, तेव्हा कोष्टकातील मूल्य विद्यार्थ्याच्या मदतीस येत नाही. तडा कोठे सुरू झाला आणि तो अडला का नाही, हे विचारण्याची सवयच तेथे उपयोगी पडते. ती सवय लावणे हे या ग्रंथाचे खरे सामर्थ्य होय. म्हणून पाठ्यपुस्तकाला पर्याय म्हणून नव्हे, तर पहिल्या सत्राच्या आरंभी वाचावयाचा ग्रंथ म्हणून त्याला अभ्यासक्रमात स्थान मिळणे उचित ठरेल.