मासा खातो, जिवाणू खाल्ला जातो

१९९८ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मॉस्किटो कंट्रोल असोसिएशन’मध्ये मलेरिया संशोधन केंद्राच्या गोव्यातल्या शाखेचा एक शोधनिबंध आला. शीर्षक लांबलचक: अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी डासाविरुद्ध बीटीआय जिवाणू, स्ट्रेन १६४, आणि अ‍ॅप्लोचिलस ब्लॉकी हा मासा, यांच्या गोव्यातल्या चाचण्या. मला त्यातलं ‘आणि’ आवडतं. एकाच ओळीत मारण्याच्या दोन उलट तऱ्हा बसल्या आहेत. मासा डासाच्या अळीला खातो. जिवाणूला अळीच खाते.

पेडण्या-डिचोलीच्या वाचकाला यातलं पाणी ओळखीचं आहे: परसातली विहीर, गच्चीवरची टाकी, नव्या स्लॅबवर बांध घालून कोंडलेलं पाणी. स्टीफेन्सीला असंच स्वच्छ, साठवणीचं पाणी लागतं.

बीटीआय १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. बीजाणू धरताना तो प्रथिनांचा स्फटिक घडवतो. हा स्फटिक आपल्या आम्लधर्मी जठरात विरघळत नाही, आणि त्यातल्या बहुतेक प्रथिनांना आपल्या पेशींवर धरायला जागाही नाही. अळीचं आतडं मात्र अल्कधर्मी. तिथं तो विरघळतो, अळीचीच पाचकरसायनं त्याला कापून धार लावतात, मग तुकडे पेशीच्या ठरावीक ग्राहकांना, म्हणजे धरायच्या जागांना, चिकटतात, एकत्र येतात आणि पटलात भोक पाडतात. पाणी आत घुसतं, पेशी फुगून फुटते. कापणं अळीचं, आतडं अळीचं. जिवाणूनं फक्त अट घातली. मला तरी ही रचना माशाच्या झडपेपेक्षा देखणी वाटते.

स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचं अल्फा विष आपल्या पेशींवर हाच डाव खेळतं: सात रेणूंचं कडं, मधे नळी. पण आपल्याकडे अँटिबॉडी आहेत. त्या सुट्या रेणूला अशा जागी पकडतात की तो पेशीला टेकत नाही आणि कडं पुरं होत नाही. भोक पडल्यावर धावून जाण्यात अर्थ नसतो. अडवायचं ते जुळणीआधीच.

कीटक अँटिबॉडी बनवत नाहीत. अळीच्या हाती उरतं ते पिढ्यान्‌पिढ्या ग्राहक बदलत जाणं. बीटीआयनं तीही वाट अडवून ठेवली आहे. त्याच्या स्फटिकातलं सायट नावाचं प्रथिन ग्राहकाशिवायच पटलात रुततं आणि सोबतच्या क्राय प्रथिनाला स्वतःच ग्राहक बनून जागा देतं. बीटीआयला दाद न देणारे डास म्हणूनच विरळा.