यरीहोची भिंत आणि बोलकी माणसे

धर्मगुरूंनी हॉलिवूडच्या जुन्या प्रेमकथांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या विषयाशी आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध बराच निकटचा आहे, आणि तो सर्वस्वी सुखाचाही नाही.

१९३४ पासून आठ-दहा वर्षे अमेरिकेत विनोदी बोलपटांचा जो एक प्रकार बहरला त्याला 'स्क्रूबॉल कॉमेडी' म्हणतात. स्क्रूबॉल हा बेसबॉलमधला चेंडू. आपल्या क्रिकेटमधल्या गुगलीसारखा अपेक्षेच्या उलट वळणारा. या चित्रपटांतील माणसे तशीच. लाडावलेली श्रीमंत कन्या, विसरभोळा प्राध्यापक, बिलंदर संपादक, सारे एकमेकांचे वाक्य तोडत अखंड बोलत असतात. भांडता भांडता आपले मन जडले आहे, हे प्रेक्षकांना आधी कळते आणि त्यांना सर्वांत शेवटी.

फ्रँक काप्रा हा सिसिलीत कॅथलिक कुटुंबात जन्मलेला दिग्दर्शक. त्याचा 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) पाहिला नसला तरी त्याची कथा आपल्या ओळखीची आहे. 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) हे त्याच घराण्यातले. घरातून पळालेली मुलगी आणि एक वार्ताहर यांना एका खोलीत रात्र काढावी लागते. तो मधे दोरी बांधून घोंगडी टाकतो आणि तिला यरीहोची भिंत म्हणतो. यहोशवाच्या पुस्तकातील तटबंदी लोकांच्या जयघोषाने व रणशिंगांच्या नादाने कोसळली. इथे रणशिंग नाही, म्हणून भिंत उभी राहते. त्या घोंगडीच्या दोन्ही बाजूंनी जे बोलणे होते, त्यातच त्यांचा संसार सुरू होतो असे आम्हांला वाटते.

संयमाचे हे श्रेय पुष्कळ जण हॉलिवूडच्या नियमावलीला देतात. ती १९३० साली येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड आणि कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांनी रचली. आलिंगन-चुंबनांवर बंधने आली, म्हणून प्रेम संवादांत उतरले, असा हा युक्तिवाद. तो ऐकायला आम्हांला गोड वाटतो. पण काप्राचा चित्रपट फेब्रुवारीत झळकला आणि जोसेफ ब्रीन यांच्या हाताखाली नियमांचा कडक अंमल सुरू झाला तो जुलैमध्ये. शिवाय गोऱ्या व काळ्या माणसांतील प्रेमसंबंध पडद्यावर दाखवण्यास याच नियमावलीत बंदी होती. सगळे श्रेय घ्यायचे तर हा डागही घ्यावा लागेल.

वेगाचा कळस म्हणजे हॉवर्ड हॉक्सचा 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०). संवादांच्या आरंभी आणि शेवटी बिनमहत्त्वाचे शब्द घालायचे, म्हणजे दोघे एकदम बोलले तरी मतलबाचे काही हरवत नाही, अशी हॉक्सची युक्ती होती. संपादक वॉल्टर आपल्या घटस्फोटित पत्नीला, हिल्डीला, दुसरे लग्न करू देत नाही. फाशीच्या कैद्याची बातमी हे त्याचे आमिष. आम्ही तो पाहताना पोट धरून हसलो, हे कबूल करतो. तथापि त्यात एक प्रसंग असा आहे की हसू घशात अडकते. त्या कैद्यावर माया करणारी मॉली नावाची एक बदनाम मुलगी पत्रकारांच्या खोलीत येते. पत्ते खेळत तिची टवाळी करणारे ते वाचाळ पुरुष, हिल्डी तिला बाहेर घेऊन जाताच एकाएकी गप्प होतात. पुढे कैद्याला वाचवण्यासाठी मॉली खिडकीतून उडी टाकते. पत्रकार खिडकीशी धावतात, आणि थोड्याच वेळात सर्वांना, नायक-नायिकेलाही, तिचा विसर पडतो. बातमी पुढे धावत राहते. हा चित्रपट केवळ हजरजबाबीपणाचा उत्सव आहे असे म्हणणाऱ्यांनी ती शांतता नीट ऐकलेली नाही. बोलणे हे जवळ येण्याचे साधन तसे न पाहण्याचेही, हे हॉक्सला ठाऊक होते. त्याने त्यावर भाष्य केले नाही इतकेच.

अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ साली अशा सात चित्रपटांवर ग्रंथ लिहून त्यांना पुनर्विवाहाच्या विनोदिका म्हटले. शब्द मार्मिक आहे, पण आमची अडचण अशी की संस्काराचे बंधन न्यायालयाच्या कागदाने सुटत नाही. मग 'पुनः' कशाला? लिओ मॅकॅरी या कॅथलिक दिग्दर्शकाच्या 'द ऑफुल ट्रूथ' (१९३७) मध्ये आमचे म्हणणे अधिक स्पष्ट दिसते. (हाच मॅकॅरी पुढे १९४४ मध्ये 'गोइंग माय वे'तला गाणारा फादर घडवणार होता.) संशयापायी घटस्फोट मागितलेले पतिपत्नी, तो अंतिम होईपर्यंतच्या दिवसांत, एकमेकांची नवी स्थळे मोडण्यात आपली सारी बुद्धी खर्च करतात, कुत्र्याच्या ताब्यावरूनही कज्जा होतो. ज्याच्याशी नाते खरोखर संपले आहे त्याच्याशी इतके हिरिरीने कोण भांडेल? विवाहाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत आम्हांला भांडणाऱ्यांची काळजी कमी वाटते.

शेवटची रात्र. डोंगरातले घर, शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधले दार वाऱ्याने उघडणारे. इथे चित्रपट प्रथमच सावकाश बोलू लागतो. वाक्ये अडखळतात, पती दाराशी घुटमळतो. मध्यरात्री हुकूम कायम व्हायचा आहे. भिंतीवरच्या घड्याळातून दर खेपेस एक बाहुला आणि एक बाहुली बाहेर येऊन आपापल्या दारांतून परत जातात. बाराचे ठोके पडतात तेव्हा बाहुला आपले दार सोडून बाहुलीच्या मागोमाग तिच्या दारात शिरतो.