पदवीचे इंग्रजी वाङ्मय आणि मराठी वाचक

पदवीला इंग्रजी घ्यावे की मराठी, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांच्या चालकांना दरवर्षी निकालांच्या सुमारास ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलेच असते. इंग्रजी घेतले की बोलता-लिहिता येईल, बोलता-लिहिता आले की नोकरी मिळेल, हा त्यामागचा हिशेब. आणि जेथे राज्यकारभार मराठीत चालत नाही तेथे असा हिशेब करणाऱ्या पालकाला दोष देणेही योग्य नव्हे. परंतु या हिशेबातून एक गोष्ट सुटते. विद्यार्थी मागतो भाषा आणि त्याच्या पदरी पडते वाङ्मय. पत्रव्यवहार व संभाषण यांची अपेक्षा धरून आलेल्या मुलापुढे शेक्सपिअरची नाटके आणि मिल्टनची काव्ये ठेवली जातात. भाषेचे अध्यापन हे निराळे शास्त्र आहे, हे ओळखूनच १९५८ साली हैदराबादेत इंग्रजीसाठी स्वतंत्र केंद्रीय संस्था काढण्यात आली. ज्याला केवळ भाषा हवी त्याने तो मार्ग धरावा. वाङ्मय म्हणून या पदवीची किंमत काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

पदवीचा विषय म्हणून इंग्रजी वाङ्मय वाटते तितके जुने नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याची स्वतंत्र परीक्षा १८९४ साली मान्य केली आणि केंब्रिजने १९१७ साली. आपल्याकडे मात्र १८३५ सालीच सरकारने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने कौल दिला, आणि १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली तेव्हापासून इंग्रजी ग्रंथ परीक्षेस लागले. म्हणजे ऑक्सफर्डचा विद्यार्थी ग्रीक व लॅटिन घोकत होता त्या काळात मुंबईचा विद्यार्थी इंग्रजी कवींवर उत्तरे लिहीत होता. धर्मशिक्षण उघडपणे देता येत नसलेल्या राज्यकर्त्यांनी वाङ्मयाकडून नीतिशिक्षणाचे व स्वतःच्या प्रतिष्ठेचे काम कसे करून घेतले, हे गौरी विश्वनाथन यांनी आपल्या १९८९ च्या ग्रंथात साधार दाखविले आहे. हा विषय आपल्याकडे रसिकतेच्या दाराने आला नाही, परीक्षेच्या दाराने आला, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

ऑक्सफर्डमध्ये या विषयाला विरोध करणाऱ्यांत इतिहासकार फ्रीमन हे प्रमुख होते. अभिरुचीची परीक्षा घेता येत नाही, असा त्यांचा १८८७ मधील आक्षेप होता. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परीक्षा घेता येते ती सनावळीची, कथानकाची, टीकाकारांच्या मतांची. ऑक्सफर्डने त्यावर जुन्या इंग्रजीच्या व्याकरणाचा उतारा शोधला. आपण शोधलेला उतारा म्हणजे गाइड. हॅम्लेटच्या दिरंगाईची पाच कारणे क्रमवार लिहिणारा विद्यार्थी आपल्याला प्रत्येक महाविद्यालयात भेटतो. त्याने ते नाटक आरंभापासून शेवटपर्यंत वाचलेले असतेच असे नाही. आता तर गाइडही विकत घ्यावे लागत नाही. हातातल्या फोनला विचारले की यंत्र तीच पाच कारणे शुद्ध इंग्रजीत मांडून देते. त्यामुळे जुनाच प्रश्न अधिक उघडा पडला आहे. यंत्र जे उत्तर देऊ शकते ते जर पदवीचे उत्तर असेल, तर त्या पदवीत विद्यार्थ्याचे स्वतःचे असे काय?

केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी हा प्रश्न फार धीटपणे विचारला. कवीचे नाव न सांगता त्यांनी काही कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या आणि वाटेल ते मत लिहून आणावयास सांगितले. १९२९ साली त्यांनी त्या मतांचा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, तेव्हा उत्तम शिकलेल्या इंग्रज तरुणांनाही नावाच्या आधाराविना कवितेचा साधा अर्थ लावणे किती जड जाते, हे दिसून आले. आपल्या विद्यापीठांनीही नंतर अपठित कवितेचे रसग्रहण प्रश्नपत्रिकेत घातले. परंतु लवकरच रसग्रहणाचेही साचे तयार झाले, आणि कविता न वाचता तिची प्रतिमासृष्टी समृद्ध असल्याचे प्रमाणपत्र देण्याची सोय झाली.

या पदवीविषयी आपल्याकडे जो वाद चालतो तो बहुधा या प्रश्नाच्या बाजूने निघून जातो. एक पक्ष म्हणतो, हा अभ्यास म्हणजे मानसिक दास्य. दुसरा म्हणतो, ही जगाकडे उघडणारी खिडकी. पहिल्या पक्षाची बाजू सर्वांत समर्थपणे मांडणारे लेखक स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. देशीवादाचा पुरस्कार करणारे भालचंद्र नेमाडे यांनी गोवा विद्यापीठात इंग्रजी विभाग सांभाळला. भारतीय भाषांतील समीक्षेच्या विस्मरणाविषयी १९९२ साली ग्रंथ लिहिणारे गणेश देवी हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवीत. दोघांनीही तो विषय सोडून नव्हे, तर त्यात राहून त्याची झडती घेतली. तेव्हा विषय परका आहे की आपला, हा खरा वाद नव्हे. वाचन स्वतःचे आहे की उसने, हा खरा वाद आहे. आणि मराठी विद्यार्थ्याचे इंग्रजी वाचन स्वतःचे व्हावयाचे असेल तर त्याला मराठीचे माप हाती धरूनच ते करावे लागेल, असे आमचे मत आहे.

हे नुसते मत राहू नये म्हणून एक स्थळ घेऊ. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातील चौथ्या प्रवेशात राणी आपल्या मुलाला महालात बोलावून जाब विचारते. शेक्सपिअरच्या इंग्रजीत द्वितीय पुरुषाची दोन रूपे होती. एक सलगीचे वा कमीपणाचे, दुसरे आदराचे वा अंतराचे. आजच्या इंग्रजीतून पहिले रूप जवळजवळ लोपले आहे. त्यामुळे इंग्लंडमधील विद्यार्थ्याला हा भेद टीप वाचून समजून घ्यावा लागतो. आपल्या मुलाला तो घरातच समजलेला असतो. मराठीत तू आणि तुम्ही, बेळगावकडच्या कन्नडात नीनु आणि नीवु, इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदीत तू, तुम आणि आप. या भेदावर आपल्याकडे मैत्री जुळते आणि भांडणही पेटते.

आता त्या प्रवेशाकडे पाहावे. आई मुलाला प्रथम सलगीच्या रूपाने हाक मारते. मुलगा तिचेच वाक्य उलटवतो, पण आदराचे रूप वापरून. ते ऐकताच आईही तत्क्षणी दूरचे रूप धरते. अवघ्या तीन वाक्यांत मायलेकांमध्ये भिंत उभी राहते, आणि ती एका सर्वनामाने उभी राहते. पुढे संतापाच्या भरात राणी पुन्हा पहिल्या रूपावर येते. मुलाला वेड लागले असे वाटताच ती पुन्हा दूर सरकते. काळीज चिरले गेल्याचे बोलते तेव्हा परत जवळ येते. हॅम्लेट मात्र आदराचे रूप सोडत नाही. साऱ्या प्रवेशाचा आलेख या दोन सर्वनामांत काढता येतो, आणि तो काढावयास कोणत्याही गाइडाची गरज नाही.

परंतु मराठीत हा प्रवेश बोलावयाचा म्हटले की अडचण उभी राहते. आपल्याकडे सामान्य घरात मुलगा वडिलांना अहो म्हणतो आणि आईला अगं. मग हॅम्लेटने आईला तुम्ही म्हणणे हा नित्याचा शिष्टाचार ठरेल की जिव्हारी लागणारा टोमणा? सरदार-जहागीरदारांच्या घराण्यांत आईसाहेबांना अहोजाहो करण्याची रीत होती. ती वापरावी तर आदर येतो, पण बोच जाते. यातून वाट काढताना विद्यार्थ्याला मूळ पृष्ठाकडे दहा वेळा परतावे लागते. हेच त्या पृष्ठाचे वाचन होय.

नात्यांचेही तसेच. राणीने वरलेला पुरुष तिचा दीर आहे. इंग्रजीत त्याला सुटसुटीत शब्द नाही. मराठीत दीर म्हणताच भावजयीचे नाते, त्याची मर्यादा, घरातली स्थाने सारे डोळ्यांपुढे येते, आणि हॅम्लेटची किळस मराठी वाचकाला आतून कळते. येथे मात्र सावध राहिले पाहिजे, कारण आपले माप आपल्याला फसवूही शकते. त्या किळसेमागे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा निषेधही होता. आठव्या हेन्रीने १५०९ साली भावाच्या विधवेशी लग्न केले होते, आणि १५३३ साली ते त्याच कारणास्तव रद्दबातल ठरविण्यात आले. एलिझाबेथ राणी ही त्यानंतरच्या विवाहाची संतती. ही माहिती नाटकाच्या आरंभी प्रस्तावनेत कोंबली की ओझे होते. दीर या शब्दापाशी अडल्यावर मिळाली की प्रकाश होतो. माहितीचे वाङ्मयाच्या अभ्यासातील स्थान हेच असावे.

आमचे म्हणणे नवे नाही. मराठीच्या परंपरेने ते पूर्वीच आचरणात आणले आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ चे, आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ चे, देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० चे. ‘विकारविलसित’मधील नायकाची भूमिका गणपतराव जोशी यांनी शाहूनगरवासी मंडळीत गाजविली, म्हणजे जे इंग्रजी पृष्ठ एका पदवीधराने वाचले ते इंग्रजी न जाणणाऱ्या हजारो प्रेक्षकांच्या कानी गेले. विंदा करंदीकर यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. त्यांनीच ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, ‘राजा लिअर’ मराठीत आणला, आणि ज्ञानदेवांचा ‘अमृतानुभव’ही अर्वाचीन मराठीत आणला. एकाच हाताने तिन्ही कामे केली, यात योगायोग नाही. परभाषेचे पृष्ठ नीट वाचण्याची सवय लागली की आपल्या भाषेतील जुने पृष्ठही हाक मारू लागते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, सीमाभागातील वर्गात मराठी, कन्नड व उर्दू घरांतील मुले एकत्र बसतात. तेथे मराठीचे माप कसे चालेल? आमचे उत्तर असे की, प्रत्येकाने आपले माप आणावे. राणीचे ते बदलते सर्वनाम कन्नडात कसे उतरेल आणि उर्दूत कसे, याची तुलना ज्या वर्गात होईल तो वर्ग एकभाषी वर्गापेक्षा श्रीमंतच म्हणावा लागेल. दुसरा आक्षेप असा की, याने इंग्रजी वाङ्मय मराठीची दासी बनेल. वस्तुतः वरील उदाहरणात लाभ झाला तो इंग्रजी पृष्ठाचा. आणि या विषयाची स्थिती त्याच्या मायदेशीही निर्धास्त नाही. शेफील्ड हॅलम विद्यापीठाने इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र पदवी स्थगित करीत असल्याचे २०२२ साली जाहीर केले, तेव्हा तेथेही पदवीने नोकरी किती मिळते याचीच चर्चा झाली. केवळ नोकरीच्या तराजूत हा विषय कोठेच टिकणार नाही. त्याला टिकावयाचे असेल तर वाचन नावाची दुसरी कमाई दाखवावी लागेल.

करावयाचे काय, तेही सांगितले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याच्या कल्पनेस मान्यता दिली आहे. जेथे महाविद्यालयात तशी सोय असेल तेथे इंग्रजी मुख्य घेणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी दुय्यम घेण्यास शिक्षकांनी आग्रहाने सांगावे. प्राध्यापकांनी दर सत्रात एक तरी पृष्ठ असे निवडावे की जे विद्यार्थ्याने मातृभाषेत उतरवावे आणि कोठे अडला ते लिहावे. अडल्याची कारणे कोणत्याही गाइडात छापलेली नसतात. आपल्या अकादमींनी कोल्हटकर, आगरकर, देवल यांची रूपांतरे मुळाशेजारी ठेवून वाचण्याचे वर्ग चालवावेत, आणि इंग्रजी विभागांतील तरुणांना तेथे अगत्याने बोलवावे.

कारण आपल्या गावांतून इंग्रजीच्या पदवीला जाणारी मुले हीच बहुधा उद्याची मराठी वाचणारी मुले असतात. पुस्तकांची ओढ असते म्हणूनच ती तिकडे जातात. तीन-चार वर्षे त्यांना उसन्या मतांवर जगण्याची सवय लावली, तर ती इंग्रजी वाचणार नाहीत आणि मराठीही वाचणार नाहीत. ही हानी इंग्रजी विभागाची जितकी, तितकीच आपल्या ग्रंथालयांची व अकादमींची आहे.