पांढऱ्या दगडाची सही

ॲलेक्स स्टाइनवाइस हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेले असण्याचा संभव कमी. पण ज्याने कधी एलपी हातात घेतली आहे, त्याने या माणसाची करणी हाताळलेली आहे. ध्वनिमुद्रिकेला मुखपृष्ठ असावे, आणि ते चित्रकाराने संगीत समजून घेऊन करावे, ही गोष्ट त्याने रूढ केली. त्याचा जन्म १९१७चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. त्याच्या एकच वर्ष आधी, १९१६ साली, गोव्यात दीनानाथ दलाल जन्मले. गेली काही वर्षे मी या दोन समवयस्कांची कामे शेजारी शेजारी ठेवून पाहतो आहे. मी चित्रकलेचे शिक्षण घेतलेले नाही. ध्वनिमुद्रिका जमवता जमवता त्यांच्या वेष्टनांकडे वळलो. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर जीव टाकणाऱ्या मराठी समाजात गाण्याच्या तबकडीला मात्र तिचा दलाल का मिळाला नाही, हा माझा प्रश्न आहे.

आधी ‘अल्बम’ या शब्दाकडे पाहू. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच संगीत मावत असे. बीथोवनची सिंफनी ऐकायची तर पाच-सहा तबकड्या लागत. त्या फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकल्या जात, म्हणून अल्बम. बांधणी करड्या, तपकिरी रंगाची, वर नुसते नाव. दुकानात त्या पुस्तकासारख्या कणा बाहेर करून उभ्या असत. या कळाहीन पुठ्ठ्यांना तिकडच्या धंद्यात ‘थडगी’ म्हणत.

कोलंबिया कंपनीने १९३९ साली स्टाइनवाइसला कलाविभागाचा प्रमुख नेमले, तेव्हा त्याची पंचविशीही उलटली नव्हती. पार्सन्स या कलाशाळेत शिकून तो जोसेफ बाइंडर या व्हिएन्नाहून आलेल्या पोस्टरकाराकडे उमेदवारी करून आला होता. थोड्या सपाट आकारांत पुष्कळ सांगायचे, ही युरोपीय पोस्टरची शिस्त त्याने तिथे उचलली. खर्च वाढेल म्हणून कुरकुरणाऱ्या वरिष्ठांकडून त्याने चित्राच्या मुखपृष्ठाची परवानगी मिळवली. १९४० साली रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांचा अल्बम निघाला. त्यासाठी ब्रॉडवेवरच्या इम्पीरियल थिएटरच्या दर्शनी पाटीवरची अक्षरे बदलून तिथे अल्बमचे नाव लावले आणि तिचे छायाचित्र घेतले. पुढे बीथोवनच्या ‘इरॉइका’ला नवे मुखपृष्ठ दिल्यावर तिचा खप ८९५ टक्क्यांनी वाढल्याची बातमी ‘न्यूजवीक’ने दिली. असल्या टक्केवारीकडे मी जरा सावधपणे पाहतो. पण कंपनीची कुरकुर थांबली, एवढे खरे.

त्याच्या उत्तम कामाचा नमुना म्हणून मी गर्शविनच्या ‘ऱ्हाप्सडी इन ब्लू’कडे बोट दाखवीन. गडद निळे शहर, मागे इमारतींच्या काळ्या आकृत्या, रस्त्यावरचा एकच दिवा आणि त्याच्या उजेडात एक पियानो. वादक नाही, संगीतकाराचा चेहरा नाही. पियानो दिवाणखान्यातून उचलून रस्त्यावर आणल्याबरोबर हे संगीत कोणत्या घरचे, ते कळते. जाझ आणि वाद्यवृंद यांच्या सीमेवरच्या त्या रचनेबद्दल समीक्षकांनी पानेच्या पाने लिहिली. इथे एका दिव्यात काम झाले आहे. बार्टोकच्या पियानो कॉन्चेर्टोसाठी त्याने पियानोच सुटा केला: पट्ट्या, हातोड्या, तारा. बार्टोक पियानोला तालवाद्यासारखे वागवतो हे ज्याने ऐकले आहे, त्याला त्या सुट्या भागांचा अर्थ सांगावा लागत नाही. ही मुखपृष्ठे पाहणाऱ्याला ऐकायला तयार करतात.

सगळेच काम या उंचीचे नाही. आयुष्यात त्याने सुमारे अडीच हजार मुखपृष्ठे केली, आणि इतक्या कामात सवय शिरतेच. त्याची वेलबुट्टीदार हस्ताक्षरवजा अक्षरे इतकी गाजली, की ‘स्टाइनवाइस स्क्रॉल’ या नावाने ती इतरांनाही वापरायला मिळू लागली. मला ती वळणे पुढे पुढे गोड लागेनाशी होतात. पन्नाशीच्या दशकात छायाचित्राने बाजार काबीज केला; तिथेही तो टिकला, पण १९४० ते १९४८चा स्टाइनवाइस पुन्हा दिसला नाही, असे माझे मत.

१९४८ साली कोलंबियाने एलपी आणली. तिच्या बारीक खाचांवर जाड कागदी पाकिटाचे ओरखडे उठू लागले. उपाय स्टाइनवाइसनेच काढला: पातळ पुठ्ठ्याची घडी, वर छापील कागद. पुढे जगभर एलपी ज्या वेष्टनात विकली गेली, ते हेच. पेटंट त्याच्या नावावर होते. पण नोकरीच्या करारानुसार शोधावरचे हक्क त्याला कंपनीकडे सोडून द्यावे लागले. दुसऱ्या कंपन्यांची कामे करताना तो ‘पिएद्रा ब्लांका’ अशी सही करी. स्टाइनवाइस म्हणजे जर्मन भाषेत पांढरा दगड. हे त्याचेच स्पॅनिश. नाव लपवतानाही त्याने ते पुसले नाही.

दलालांची गोष्ट इथे निराळी होते. त्यांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढले ते स्वतःचे. मुखपृष्ठ त्यांचे, सही त्यांची, अंकही त्यांचा. लोक ती चित्रे कापून, काच लावून भिंतीवर टांगत.

आणि आमच्या तबकड्या? कांदिवलीच्या घरात माझ्या माळ्यावर नाट्यगीतांच्या दोन ट्रंका आहेत. जवळपास प्रत्येक तबकडी मधोमध भोक पाडलेल्या कागदी पाकिटात. कारण साधे आहे. आमचे पद एका बाजूत संपत असे, ते सुटे विकले जाई; संच नाही, म्हणून बांधणी नाही आणि मुखपृष्ठही नाही. एलपी आली तेव्हा बारा इंचांची चौकट आयती मिळाली. पण तोवर ओळख चेहऱ्याची झाली होती. भावगीतांवर बहुधा गायकाचा फोटो आला, चित्रपटांवर पोस्टरचीच लहान आवृत्ती.

दलालांना ही चौकट मिळायला हवी होती, असे पुष्कळ संग्राहक हळहळून म्हणतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. दलालांचे मुखपृष्ठ अंकात काय आहे ते सांगत नाही, त्याला सांगायचेही नसते. ते दारातल्या रांगोळीसारखे स्वागत करते. भीमसेन जोशींच्या मारव्याला वा माणिक वर्मांच्या गाण्याला स्वागत नव्हे, स्टाइनवाइसच्या त्या दिव्यासारखे काहीतरी हवे होते. तसे करू शकणारे चित्रकार आपल्याकडे पुस्तकांची मुखपृष्ठे करीत होते. त्यांना आधी गाणे ऐकवून मग चित्र मागणारा कलाविभाग मात्र हवा होता.

स्टाइनवाइस उतारवयात फ्लोरिडातल्या सॅरासोटाला जाऊन चित्रे काढीत राहिला आणि २०११ साली ९४व्या वर्षी वारला. त्याच्या कामावर जाडजूड ग्रंथ निघाले आहेत. माझ्याकडच्या मराठी एलपींची मी एक वही करतो आहे. पाठीमागच्या मजकुरात गायक, कवी, संगीतकार सापडतात, कधी तबलजीही. चित्रकार किंवा छायाचित्रकार या रकान्यासाठी भिंग घेऊन कोपरे तपासावे लागतात. क्वचित एखादी अर्धवट सही मिळते. ती आहे तशी वहीत उतरवून घेतो.