बॅटरीवरचा मजकूर

'7.4 व्होल्ट, 5000 एमएएच, 50सी, 2एस1पी.' रिमोटवर धावणाऱ्या मॉडेल गाडीच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर एवढाच मजकूर असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात पॅक हातात घेतला की नजर आधी मोठ्या ठशातल्या '50सी'वर जाते. पण मजकुराचा गाभा आहे तो बारीक अक्षरातल्या '2एस'मध्ये.

2एस म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले दोन सेल. एका सेलचे सरासरी 3.7 व्होल्ट, दोघांचे मिळून 7.4. भरलेला सेल 4.2 वर थांबतो, आणि 3 च्या खाली उतरला की कायमचा दुखावतो. गाडीची सगळी धाव या 1.2 व्होल्टच्या पट्ट्यात बसवलेली असते. 3000 केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला 3000 फेरे घेणारी ब्रशलेस मोटर 7.4 व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला 22,200 फेरे घेते. मूठभर वस्तूतून निघणारी ही ताकद मला आजही थक्क करते.

आता '50सी'. 5000 एमएएच म्हणजे 5 अँपिअर-तास; त्याला 50 ने गुणलं की पॅक देऊ शकतो असा दावा केलेला प्रवाह मिळतो, 250 अँपिअर. आकडा भरदार आहे, पण त्याच पॅकला लावलेला पिवळा कनेक्टर पाहा. तो बहुधा एक्सटी60 असतो आणि सलग 250 अँपिअर वाहून नेण्यासाठी बनवलेला नसतो. लेबलाचा दावा पॅकच्याच कनेक्टरपाशी येऊन अडतो.

पॅकची खरी जात कळते ती लेबलावर न छापलेल्या गोष्टीतून, म्हणजे आतल्या रेझिस्टन्समधून. चांगला चार्जर तो प्रत्येक सेलमागे मिलीओहममध्ये दाखवतो. समजा, भात निघालेल्या शेतातल्या ढेकळांवरून गाडी उसळली आणि मोटरने क्षणभर 80 अँपिअर खेचले. सेलमागे 3 मिलीओहम असतील तर जेमतेम अर्धा व्होल्ट पडतो, गाडी तशीच झेप घेते. 12 मिलीओहम असतील तर जवळपास दोन व्होल्ट जातात. थ्रॉटल पूर्ण दाबलेला असूनही गाडी ढेकळातच रेंगाळते. पहिल्या पॅकमध्ये त्या क्षणी 38 वॉट उष्णता होते, दुसऱ्यात दीडशेच्या वर.

बदलापूर गावात हा फरक आणखी बोचतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, समुद्राचा वारा इथवर पोचता पोचता दमतो. 60 अंशांच्या पुढे पॅक नेऊ नये असं म्हणतात. म्हणजे सुरुवातीलाच आपल्या हातात जेमतेम वीस अंश उरतात. पत्र्याच्या छपराखाली पूर्ण भरलेला पॅक ठेवून देणं म्हणजे त्याचं वय झपाट्याने वाढवणं. वापरायचा नसेल तेव्हा सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवावा. हेही लेबलावर नसतं, पण पॅक किती वर्षं टिकेल हे यावरच ठरतं.

मला सर्वांत आवडतो तो पॅकमधून निघालेला तीन वायरींचा छोटा पांढरा प्लग, बॅलन्स लीड. तो दोन्ही सेलचं व्होल्टेज वेगवेगळं सांगतो. एक 4.20 आणि दुसरा 4.05 दिसला तर जोडीत बिघाड सुरू झाला आहे. पॅक फुगायच्या कितीतरी आधी ही सूचना मिळते. म्हणून चार्ज करताना हा प्लग जोडलाच पाहिजे, बॅलन्स मोडवर, 5000 च्या पॅकला 5 अँपिअरने, फरशीवर ठेवून आणि डोळ्यांसमोर. फुगलेल्या पॅकला टोचू नका, पुन्हा वापरूही नका.

पहिल्यांदा घेत असाल तर 2एस, 5000 चा, हार्ड केसचा पॅक घ्या आणि तो दुकानातच वजनकाट्यावर ठेवा. या मापाचा पॅक अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. 8000 छापलेला पॅक अडीचशेच भरला, तर तो तिथेच ठेवून या.