बापाला विचारलेला प्रश्न

धर्मांतराविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा सुरुवात बहुधा 1935 च्या येवल्यापासून होते आणि शेवट 1956 च्या नागपूरला. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि राजकीय विचाराची म्हणून मांडली जातात. ते खोटे नाही. पण खुद्द बाबासाहेबांनी ही हकीकत निराळ्या ठिकाणापासून सांगितली आहे. आपल्या समीक्षेने तिकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी त्यांनी 1956 मध्ये एक प्रस्तावना लिहिली. 1957 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ती त्यात नव्हती. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना ते तीत प्रथम आपले घर दाखवतात. वडील सुभेदार रामजी कबीरपंथी. मूर्तिपूजा न मानणारे, तरी मुलांसाठी गणपतीची पूजा करणारे. रोज निजण्यापूर्वी बहिणींना व जमलेल्या मंडळींना रामायण-महाभारत वाचून दाखवण्याची दोघा भावांवर सक्ती. इंग्रजी चौथी पास झाल्यावर भरलेल्या सभेत दादा केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलाने बापाला विचारले, शूद्रांची आणि अस्पृश्यांची हीनता सांगणारे ग्रंथ आम्ही का वाचायचे? बापाने दटावले. काही काळाने मुलाने पुन्हा विचारले. ह्या वेळी रामजी तयारीत होते. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण, कर्ण लहान असून किती चढले ते पाहा. वाल्मीकी तर कोळी होता. मुलाला त्यात तथ्य दिसले, पण समाधान झाले नाही.

ह्या हकीकतीतली एक बारीक नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. एवढ्या करड्या बापाशी अशी मोकळीक आपण एकटेच घेऊ शकत होतो, कारण आई लहानपणीच वारली आणि आपण आत्याच्या हाती वाढलो, असे बाबासाहेब सांगतात. म्हणजे ह्या विद्रोहाला पहिली वाट मिळाली ती पोरक्या लेकराबद्दल बापाच्या मनात असलेल्या मऊपणातून.

क्रांतीला आपण घरगुती गोष्ट करून टाकतो आहोत, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. रामजींचे उत्तर हेच जातीने दिलेल्या जखमेवरचे औषध होते. जात त्या घरात बापाच्या काळजीच्या रूपाने वावरत होती. मुलाने औषध नाकारले, पण ग्रंथ वाचण्याची सवय आणि ग्रंथाला जाब विचारण्याची हिंमत त्याच घरातून उचलली.

हे मी डोलवीत बसून लिहितो आहे. आमचे पेण गणपतीच्या मूर्तींसाठी सगळीकडे ठाऊक. कारखान्यांतून मूर्ती रंगताना आमची पोरे बघतात. मागे नातवाने विचारले, ‘आजोबा, आपल्याकडे गणपती का नाही?’ मी बावीस प्रतिज्ञांतली तिसरी त्याला दाखवली आणि म्हणालो, ‘लहान आहेस, सांगितले तेवढे ऐक.’

पुढे ही प्रस्तावना पुन्हा वाचताना ध्यानात आले की मी रामजींचे पहिले उत्तर दिले होते. बाबासाहेबांनी धम्म निवडला; आमच्या नातवंडांना तो नुसता जन्माने मिळाला, तर आम्ही त्यांच्या हाती आणखी एक परंपरा दिली, एवढेच होईल. रामजींनी दुसऱ्या वेळी तरी तयारी केली होती. माझी अजून व्हायची आहे, आणि पोरगा पुन्हा विचारील ह्याचीच मी वाट पाहतो आहे.