मालकीचा दावा आणि संगणकतज्ज्ञाची नीती

डॉक्टर आणि वकील यांच्या व्यवसायाला जसे लिखित नीतिनियम असतात, तसे ते संगणकावर काम करणाऱ्यांनाही आहेत. त्यांतले सर्वांत परिचित नियम असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी, म्हणजेच एसीएम, या १९४७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थेचे. या संस्थेच्या १९९२ च्या नीतिसंहितेत एक कलम होते: कॉपीराइट आणि पेटंट धरून मालमत्तेचे सर्व हक्क मानावेत. २०१८ मध्ये संहिता नव्याने लिहिली गेली, तेव्हा या कलमाचा सूर बदलला. आता त्यात मालमत्तेऐवजी निर्मितीमागच्या श्रमांचा आदर करावा असे म्हटले आहे. शिवाय, जे काम सर्वांसाठी खुले केले गेले आहे त्यावर कोणी खासगी मालकी सांगू नये, अशी भर घातली आहे.

ही भर स्वागतार्ह आहे. पण नियम चांगला आहे की नाही हे त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. विज्ञानात एखादे गृहीतक आपण जसे कठीण प्रसंगावर तपासून पाहतो, तसे नियमही तपासावे लागतात. असा एक कठीण प्रसंग २००३ मध्ये घडला. त्या कसोटीवर ही संहिता कितपत उतरते, ते पाहू.

युनिक्सचे वारस

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली लिहायला घेतली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ती सॉफ्टवेअर यांच्यामध्ये राहून सर्व कारभार पाहणारी आज्ञावली. बेल प्रयोगशाळेची मालक कंपनी एटी अँड टी हिने युनिक्सचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल अशी मूळ आज्ञावली, विद्यापीठांना अल्प मोबदल्यात दिली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी त्या आज्ञावलीवर ओळीओळीने टीका लिहिली. पुढे १९७९ च्या आवृत्तीपासून कंपनीने हा सोर्स कोड वर्गात शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांची टीका मग जगभर छायाप्रतींच्या रूपानेच फिरत राहिली. ती रीतसर प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडले.

मनाई झाली तरी शिकवायचे तर होतेच. म्हणून ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स नावाची छोटी कार्यप्रणाली स्वतः लिहिली. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स वापरत असतानाच १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. लिनक्सचा सोर्स कोड खुला राहिला आणि हजारो लोकांनी त्यात भर घातली.

इकडे युनिक्सचे हक्क हातोहात फिरत होते. १९९३ मध्ये ते नॉव्हेल कंपनीकडे आले. १९९५ मध्ये नॉव्हेलने युनिक्सचा व्यवसाय सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीला विकला. २००१ मध्ये तो कॅल्डेरा कंपनीने घेतला आणि पुढच्याच वर्षी आपले नाव बदलून एससीओ ग्रूप असे ठेवले. गंमत अशी की कॅल्डेरा ही मुळात लिनक्स विकणारी कंपनी होती.

आरोप आणि पुरावा

मार्च २००३ मध्ये एससीओने आयबीएमवर दावा लावला. आयबीएमने युनिक्समधील गुपिते लिनक्समध्ये घातली, असा आरोप होता. मागणी एक अब्ज डॉलरची होती. ती पुढे पाच अब्जांपर्यंत चढली. मे महिन्यात कंपनीने सुमारे १५०० मोठ्या कंपन्यांना पत्रे पाठवून लिनक्स वापरल्यास कायदेशीर जोखीम आहे असा इशारा दिला. ऑगस्टमध्ये एका प्रोसेसरला ६९९ डॉलर या दराने परवाने विकायला काढले.

नेमक्या कोणत्या ओळी चोरल्या, हे मात्र सांगितले जाईना. ऑगस्टमधील एका संमेलनात कंपनीने काही नमुने पडद्यावर दाखवले, तेही काही मजकूर ग्रीक अक्षरांत बदलून. जाणकारांनी ती अक्षरे सहज उलगडली. एक नमुना स्मृतीचे वाटप करणाऱ्या आज्ञांचा होता. तो १९७० च्या दशकातल्या युनिक्समधला, लायन्स यांच्या टीकेत असलेला, आणि खुद्द कॅल्डेरानेच २००२ मध्ये मोकळ्या परवान्याखाली जाहीर केलेल्या जुन्या आवृत्त्यांत सापडणारा निघाला. दुसरा नमुना बर्कली येथील खुल्या आज्ञावलीशी नाते सांगणारा होता. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. पहिल्या नमुन्यातल्या ओळी लिनक्समध्ये खरोखर आल्या होत्या आणि येताना मूळ श्रेयाचा उल्लेख गळला होता. ती चूक होती. त्या ओळी काढून टाकल्या गेल्या.

न्यायालयातही हेच चित्र दिसले. एवढा गाजावाजा करूनही कंपनीने पुरेसा पुरावा पुढे ठेवला नाही, याबद्दल न्यायाधीशांनी फेब्रुवारी २००५ मध्ये आश्चर्य व्यक्त केले. जून २००६ मध्ये दंडाधिकारी न्यायाधीशांनी २९४ आरोपांपैकी मोठा भाग तपशिलाअभावी फेटाळला. दुकानातून चोरी केली म्हणून एखाद्याला धरायचे आणि काय चोरले असे त्याने विचारल्यावर साऱ्या दुकानाची यादी त्याच्या हातात द्यायची, अशा आशयाची तुलना त्यांनी केली. ऑगस्ट २००७ मध्ये निकाल लागला की युनिक्सचा कॉपीराइट एससीओकडे नव्हताच, तो नॉव्हेलकडेच राहिला होता. पुढच्याच महिन्यात एससीओने दिवाळखोरी जाहीर केली. अपिलात तो मुद्दा पुन्हा उघडला गेला, पण मार्च २०१० मध्ये ज्यूरीनेही नॉव्हेलच्याच बाजूने कौल दिला. आयबीएमविरुद्धचे उरलेले वाद २०२१ मध्ये एक कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीने मिटले. मूळ मागणीच्या तुलनेत ही रक्कम नगण्य होती.

आत बसलेला अभियंता

आता संहितेकडे वळू. मालकी मानावी, असे १९९२ चे कलम सांगते. पण कोणाची? वादच मालकीचा असेल, तर हे कलम वाचून एससीओमधला प्रोग्रामर आणि लिनक्सवर काम करणारा प्रोग्रामर, दोघेही आपापल्या जागी स्वतःला नीतिमान समजू शकतात. २०१८ ची भरही येथे अपुरी पडते. खुल्या कामावर मालकी सांगू नये हे ठीक, पण एससीओचे म्हणणे हेच होते की हे काम मुळात रीतसर खुले झालेलेच नाही. जे सिद्ध करायचे आहे, तेच नियमात गृहीत धरलेले आहे.

संहितेत प्रामाणिकपणाचे वेगळे कलम आहे, असे कोणी म्हणेल. हेतुपुरस्सर खोटे किंवा दिशाभूल करणारे दावे ते निषिद्ध मानते. अडचण ‘हेतुपुरस्सर’ या शब्दाची आहे. आपले काहीतरी चोरीला गेले असणारच, अशी प्रामाणिक समजूत असलेला माणूसही पुराव्याशिवाय हजारो लोकांना घाबरवू शकतो. तो खोटे बोलत नाही. तो फक्त तपासत नाही.

या प्रकरणात तपासणी झालीच नव्हती असेही नाही. ऑगस्ट २००२ मध्ये, म्हणजे दाव्याच्या सात महिने आधी, कंपनीतल्याच एका अभियंत्याने वरिष्ठांना लिहिलेले पत्र २००५ मध्ये उघड झाले. जुन्या मालकांच्या काळात बाहेरच्या एका सल्लागाराकडून युनिक्स आणि लिनक्सची तुलना करून घेतली गेली होती; तीत कॉपीराइटभंगाचा काहीही पुरावा सापडला नाही, असे त्याने कळवले होते. दोन्हींत समान असलेला भाग दोघांनीही तिसऱ्याच ठिकाणाहून रीतसर घेतलेला होता, हेही त्याने लिहिले होते. कंपनीने यावर उत्तर दिले की सल्लागाराच्या १९९९ च्या टिपणात काही ओळी सारख्या असल्याचे म्हटले आहे. पण सारखेपणा आणि चोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन भावंडांचे नाक सारखे असते ते एकाने दुसऱ्याचे घेतले म्हणून नव्हे, तर दोघांचे आईवडील एक म्हणून. जीवशास्त्राचा विद्यार्थी हे जाणतो. अभियंत्याचे म्हणणे तेच होते.

त्या अभियंत्याने आपले काम केले. त्याने खरे ते योग्य जागी, लेखी कळवले. तरीही दावा लागला. यानंतर त्याने काय करावे? राजीनामा द्यावा? वृत्तपत्रांकडे जावे? घर चालवणाऱ्या माणसाला नोकरी सोडण्याचा उपदेश करणे दुसऱ्याला फार सोपे असते. संहितेचे खरे न्यून येथे आहे. ती एकट्या व्यक्तीच्या सदसद्विवेकाला हाक मारते, पण दावा करणाऱ्या संस्थेवर पुराव्याची जबाबदारी टाकत नाही. जर्मनीतील न्यायालयांनी ती टाकली. लिनक्समध्ये आपला माल आहे हे पुराव्यावाचून सांगत फिरण्यास त्यांनी २००३ मध्ये कंपनीच्या तेथील शाखेला मनाई केली, आणि मनाईनंतरही तो मजकूर राहिला म्हणून दहा हजार युरोंचा दंड केला. तेथे कोणा अभियंत्याला हुतात्मा व्हावे लागले नाही.

विरोध कसा करावा

या लढ्याची गोष्ट बहुधा दुष्ट कंपनी आणि भोळे स्वयंसेवक अशी सांगितली जाते. तीही तपासून घेतलेली बरी. एससीओसमोर उभी असलेली आयबीएम तिच्यापेक्षा कितीतरी मोठी होती, आणि तिचाही व्यापारी स्वार्थ लिनक्समध्ये गुंतलेला होता. शिवाय विरोधाच्या नावाखाली गैरप्रकारही झाले. जानेवारी २००४ मध्ये पसरलेल्या मायडूम या विषाणूने १ फेब्रुवारीपासून एससीओच्या संकेतस्थळावर मारा केला. तो कोणी लिहिला हे सिद्ध झाले नाही, पण त्याचे कौतुक करणारे होते. संगणकतज्ज्ञाने आपल्या कौशल्याचा असा वापर केला, तर समोरच्याच्या पुराव्याची मागणी करण्याचा नैतिक अधिकार तो गमावतो.

खरा उपयोगी विरोध शांतपणे झाला. पॅमेला जोन्स यांनी मे २००३ मध्ये सुरू केलेल्या ग्रोक्लॉवर न्यायालयीन कागद वाचून, समजावून, जुन्या संगणकतज्ज्ञांच्या आठवणींशी ताडून ठेवले जात. डिसेंबर २००३ मध्ये एससीओने काही फाइलींची यादी देऊन त्या आपल्या असल्याचे म्हटले, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी १९९१ ची पहिली आवृत्ती काढून त्यातल्या काही आपण स्वतः कशा लिहिल्या ते दाखवले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मे २००४ मध्ये घडली. लिनक्समध्ये भर घालणाऱ्या प्रत्येकाने आपल्या कामाखाली नाव लिहून जाहीर करावे की हे मी लिहिले आहे, किंवा ते देण्याचा मला अधिकार आहे, अशी पद्धत टोरवाल्ड्स यांनी सुरू केली. ती आजही चालू आहे. प्रयोगशाळेच्या वहीत तारीख घालून सही करण्याची आपली जी शिस्त, तीच ही. समोरच्याकडून पुरावा मागणाऱ्याने आपलाही पुरावा तयार ठेवला. मला यात सर्व घोषणांपेक्षा अधिक नीती दिसते.

आपल्यासाठी

आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशी सॉफ्टवेअरच्या नोकरीत जातील. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. हे त्यांना ठाऊक असावे. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कायदेशीरपणे मिळालेली आज्ञावली कशी चालते ते पाहून, तपासून तिच्यामागची तत्त्वे शोधणे हा गुन्हा नाही. आणि कलम ६० प्रमाणे, मालकीच्या निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध धमकी मिळालेल्याला न्यायालयात जाता येते. धमकी देणाऱ्याने मात्र तत्परतेने स्वतःच दावा लावून चालवला, तर हे कलम लागू होत नाही. म्हणजे आपल्या कायद्याचेही म्हणणे हेच आहे: धमकावत राहू नका, सिद्ध करा.

एसीएमच्या पुढच्या संहितेत मालकी मानण्याच्या कलमाला जोडून दोन वाक्ये यावीत, असे वाटते. मालकी सांगणाऱ्याने नेमके काय आपले आहे ते दाखवावे. आणि त्या दाव्याविरुद्धचा पुरावा ज्या कर्मचाऱ्याने लेखी पुढे ठेवला असेल, त्याला व्यवसायबंधूंनी संरक्षण द्यावे. दुसरे वाक्य कठीण आहे. तूर्त वर्गात पहिल्यापासून सुरुवात करता येईल. दोन विद्यार्थ्यांची उत्तरे सारखी आली की आपण लगेच विचारतो, कोणी कोणाचे पाहिले? त्याआधी एक प्रश्न विचारावा: दोघांनी एकाच पुस्तकातून तर घेतले नाही ना?